डॅडींचा ओसिओला

हॅचर्स मिल, फ्लोरिडा
२ मार्च

लेलँड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायला निघाला असशील तर थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. नऊ वर्षं आपण बहीणभाऊ बोललो नाही, त्यात आणखी पाच मिनिटांनी काही फरक पडत नाही.

मी मेलेली नाही, घर विकलेलं नाही आणि तुझ्याकडे काही मागतही नाही. लिहायचं कारण एवढंच की माझ्या परसात एक रानटर्की येतो.

हसू नकोस. "फ्लोरिडात टर्की येतो म्हणून कुणी पत्र लिहितं का?" असं आत्ता मर्नाला म्हणाला असशील, मला इथे ऐकू आलं. पण हा साधासुधा नाही. सकाळी मी कोंबड्यांना मका टाकते तेव्हा हा मागच्या दलदलीतल्या सायप्रसच्या झाडावरून उतरतो आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा ठेवलेल्या माणसासारखा सरळ चालत येतो. नर आहे. छातीवरची दाढी जमिनीला टेकायची तेवढी बाकी आहे. पायांवरचे काटे असे लांब आणि वाकडे की मेल्यावर त्याच काट्यांनी फांदीला टांगून ठेवावा. अंगानं सडपातळ, पाय उंच, रंग काळाकुट्ट.

हा ओसिओला आहे, लेलँड. फ्लोरिडाबाहेर जगात कुठे मिळत नाही तो ओसिओला. माझी खात्री आहे, आणि माझी खात्री कशी असते ते तुला माहीत आहे.

तुझ्या भिंतीवर तीन पिसारे आहेत ते मला ठाऊक आहे. मिसूरीतला पूर्वेच्या जातीचा, टेक्सासमधला रिओ ग्रँड आणि डोंगरातला तो पांढऱ्या किनारीचा मेरियम. चौथा ओसिओला मिळाला की तुम्हा शिकाऱ्यांचं ते ग्रँड स्लॅम पुरं. म्हणजे साहेब अर्धा देश पालथा घालून आले आणि राहिलं काय, तर आपल्याच घरामागचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हे कसं कळलं म्हणून विचारू नकोस. मर्ना दर नाताळला कार्ड पाठवते. तुझी बायको असून ती तुझ्यासारखी नाही.

हंगाम याच महिन्यात उघडतो. ओटिस टिलमन आठवतो ना? कुंपणापलीकडचा, ज्याच्या बोटीला तू लहानपणी भोक पाडलं होतंस तो. तो आत्तापासूनच कुंपणावर कोपरं टेकून उभा असतो. काल म्हणतो, "वायनेल, हा पक्षी माझ्या बंदुकीचं नाव घेत घेत येतोय बघ."

मी म्हटलं, "ओटिस, तुला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, तुला टर्की काय सापडणार!"

पण त्याला मी किती दिवस थोपवू? यायचं असेल तर ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझ्यासाठी नव्हे, ती झाडायलाच झाली होती.

वायनेल

ता. क. डॅडींनी मारलेला, पेंढा भरलेला टर्की बैठकीत भिंतीवर जिथे होता तिथेच आहे. कुणी विचारलं तर मी ओसिओला म्हणूनच सांगते. सांगत राहणार.


११ मार्च

लेलँड,

पोस्टकार्ड मिळालं. नऊ वर्षांनी एक ओळ: "रंग आणि काटे सांगू नकोस, पंखाचे पट्टे सांग." ना प्रिय, ना सप्रेम, सहीसुद्धा नाही. तुझ्यापेक्षा वीजकंपनी मला प्रेमानं लिहिते. पण तिकीट लावलंस, उठून पेटीपर्यंत गेलास, तेवढं मी धरून चालते. कार्ड फ्रिजवर लावलं आहे. लोणी काढायला गेले की वाचते आणि पुन्हा चिडते.

पट्टे! पुन्हा तेच पट्टे!

आपण डॅडींना पुरून नुकते घरी आलो होतो. टेबलावर चर्चच्या बायकांनी आणलेलं तळलेलं चिकन, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. पाद्री भिंतीकडे बघून सहज म्हणाले, "हाच का तो ओसिओला?" आणि तू, एका हातात बशी, दुसऱ्या हातानं त्या मेलेल्या पक्ष्याचा पंख उचकटून सगळ्या खोलीला सांगितलंस, "खरं सांगायचं तर हा ओसिओला नाहीच. पट्टे बघा. मिश्र रक्ताचा आहे." पाद्री चावायचे थांबले. मी तुला म्हटलं, "माझ्या घरातून चालता हो," आणि तू झालास की चालता! पुडिंग घेऊन. मिसूरीपर्यंत.

डॅडींनी जन्मभर लाकडाचे ट्रक हाकले. त्यांना कुठल्या शर्यतीत बक्षीस मिळालं नाही, चर्चमध्ये कुणी त्यांना भाषण करायला उठवलं नाही. घरी आलेला माणूस थांबून बघायचा असं त्यांच्याकडे एकच होतं, तो पक्षी. मग ते तीच गोष्ट पुन्हा सांगायचे, कसे पाण्यात कमरेपर्यंत उभे राहिले, कसा तो पहाटे वरून ओरडला. आपण पाठ म्हणून दाखवायचो आणि ते रागवायचे नाहीत. हे तुला माझ्याएवढंच माहीत आहे. म्हणूनच तर मला लागलं.

शिवाय ओटिस म्हणतो की शिकाऱ्यांच्या संघटनेचे लोक पंख बघतच नाहीत, ते नकाशा बघतात. जिल्ह्यांवरून रेघ मारली आहे. रेघेच्या खाली मारला तो ओसिओला, वर मारला तो पूर्वेचा. आपलं घर रेघेच्या खाली आहे, थोडंसंच, पण खाली. म्हणजे डॅडींचा पक्षी कागदोपत्री ओसिओलाच. आणि माझ्या परसातलाही. झालं की नाही?

तू म्हणशील, रेघ मारताना टर्कीला कुणी विचारलं होतं? ठीक आहे. तुला पट्टेच हवेत ना, घे. कोंबड्यांच्या जाळीत अडकलेलं त्याचं एक पीस सोबत पाठवते आहे. काळं जास्त, पांढरं कमी. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

मर्ना कशी आहे? तिच्याशी माझं अलीकडे काही बोलणं झालेलं नाही, म्हणून विचारते.

वायनेल


१९ मार्च

लेलँड,

या वेळी कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं! पोस्टमननं वाचलं असणार, माझ्या हातात देताना तो हसत होता. मी फ्रिजवर पहिल्याच्या शेजारी लावलं आहे. तू लिहितोस:

"पाठवलंस ते पीस अंगाजवळचं आहे, त्यावरून काही कळत नाही. पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं बघ. पांढरे पट्टे बारीक, वेडेवाकडे, मधल्या दांडीपर्यंत न पोचणारे असतील तर ओसिओला. पांढरे पट्टे रुंद, सरळ, काठापासून दांडीपर्यंत गेलेले, शिडीच्या पायऱ्यांसारखे असतील तर पूर्वेचा, नाहीतर मिश्र. आणि मका?? मका टाकलेल्या जागी टर्की मारणं गुन्हा आहे. मूर्ख."

मूर्ख म्हणालास. बरं वाटलं. नऊ वर्षांत मला कुणी मूर्ख म्हणालं नव्हतं, इथे सगळे मला भिऊन असतात.

पण तुझ्या शेवटच्या वाक्यानं माझं धाबं दणाणलं. मला वाटायचं, हरणांना मका चालतो तर टर्कीला का नाही? इथे सगळे हरणांसाठी मका ओततात, दुकानात पोतीच्या पोती विकायला असतात. मी तशीच कुंपणाशी गेले.

"ओटिस, मका टाकलेल्या जागी टर्की मारता येत नाही?"

"नाही तर! हरणाचं वेगळं, टर्कीचं वेगळं. दंड होईल, परवाना जाईल, बंदूक जाईल."

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे म्हणूनच तू मका टाकतेस! मी म्हटलं, बाई हुशार आहे, पक्ष्याला मी हात लावू नये म्हणून कुंपण घातलंय मक्याचं. नाहीतर मी इतके दिवस इथे कोपरं टेकून उभा राहिलो असतो का?"

ऐकलंस? हंगाम उघडून चार दिवस झाले आणि तो पक्षी जिवंत आहे तो माझ्या मूर्खपणामुळे. तुझ्यासाठी म्हणून मी मका वाढवला होता, मूठ होती तिथे पसा टाकत होते, आणि त्यामुळेच तुला तो मारता येणार नव्हता. मका काढावा तर ओटिसला रान मोकळं.

मी काढला. सगळं परस झाडलं, मग वाकून वाकून दाणे वेचले. कोंबड्यांना आता खुराड्यातच, वरून झाकण. कंबर धरली आहे. ओटिसला बोलावलं, टेबलाशी बसवलं, पीचची गरम मिठाई पुढे ठेवली आणि बायबलवर हात ठेवायला लावला.

"किती दिवस?" तो म्हणाला.

"माझा भाऊ येईपर्यंत."

"तो येणार आहे?"

"येणार आहे," मी म्हटलं.

आता मला तोंडघशी पाडू नकोस.

वायनेल


२७ मार्च

लेलँड,

टर्की येत नाही.

मका थांबला तसा तोही थांबला. पहाटे दलदलीतून आवाज येतो, म्हणजे आहे तो, पण त्याला आता माझ्याकडे काम नाही. मी दारात उभी राहते, कॉफी गार होते. आणि तुझंही कार्ड नाही.

तर आता खरं सांगते. मर्नाशी बोलणं झालं नाही असं लिहिलं होतं ते खोटं. तिनं फेब्रुवारीतच फोन केला होता. तुझ्या हृदयाची झडप गेली आहे, मेमध्ये छाती उघडणार आहेत, डॉक्टरनं काही शपथेवर सांगितलेलं नाही. आणि तू त्यांना विचारलंस काय, तर "त्याआधी मला एकदा शिकारीला जाता येईल का?" ते म्हणाले, सपाट जमिनीवर, बसून, एकदा. मर्ना फोनवर रडत होती. म्हणाली, "त्याला फ्लोरिडाला जायचंय, वायनेल, पण तुझ्या दारावरून जावं लागेल म्हणून जात नाही."

फोन ठेवला आणि मी बाहेर येऊन बसले. मला भीती वाटली, लेलँड. डॅडी गेले तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती, त्यांचं वय झालं होतं. तू माझ्यामागून आलास, तू माझ्याआधी जायचं कारणच काय? आणि तेवढ्यात तो टर्की उतरला. सपाट जमीन, खुर्चीत बसून, स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, हा पाठवलेला आहे. तेव्हापासून मी मका उधळत होते. ओसिओला असो नाहीतर कावळा असो, मला तू इथे हवा आहेस. बस, झालं सांगून. पुन्हा विचारलंस तर मी नाकबूल करीन.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी काय झालं ते ऐक.

मी भांडी घासत होते तर बाहेर ओटिसची बोंब, "वायनेल! तुझा टर्की माझ्या गाडीला मारतोय!" धावत गेले. ओटिसनं नवी पिकअप घेतली आहे, तिचं पुढचं लोखंड असं चकचकीत की त्यात भांग पाडावा. टर्कीला त्यात दुसरा टर्की दिसला. हा पिसारा फुलवून, डोकं लाल-निळं करून त्याच्यावर धावतोय, चोच मारतोय, मागे सरतोय, पुन्हा मिरवतोय. ओटिस हातात टोपी घेऊन गाडीभोवती नाचतोय आणि बायबलवरच्या शपथेमुळे त्याला काही करता येत नाही. मी इतकी हसले की कुंपणाला धरून बसावं लागलं.

मग डोक्यात आलं. ममाचा आरसा, कपाटाला लावलेला तो मोठा, चाकाच्या ढकलगाडीवर घालून मी परसात नेला आणि ओकच्या बुंध्याला टेकवून ठेवला. ओटिसला विचारून घेतलं. मक्याला बंदी आहे, आरशाला नाही. तो म्हणाला, "असा कायदा कुणाला सुचलाच नसेल, वायनेल. तुझ्यासारखी कुणी भेटली नसेल."

दुपारी टर्की आरशासमोर हजर! स्वतःलाच धमक्या देत होता.

आता तो रोज येणार. त्याचा शत्रू सापडला आहे, तो कुठे जातोय! मर्नाला गाडी चालवायला सांग. तू मागे झोपून ये. पत्र लिहून कळवू नकोस, निघ.

वायनेल


१ मे

लेलँड,

हे मर्ना तुला दवाखान्यात वाचून दाखवेल. मर्ना, मध्ये थांबून त्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, सरळ वाचत जा.

तू इथे चार दिवस राहून गेलास त्याला तीन आठवडे झाले. तेव्हा मी गप्प बसले. मी गप्प बसले हेच तुला विचित्र वाटायला हवं होतं. त्या शनिवारी सकाळी तू पक्ष्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे, म्हणून मी काय पाहिलं ते तुला ठाऊक नाही.

तुला ताडाच्या झुडपाआड खुर्चीत बसवलं होतं. गाडीतून दारापर्यंत येताना तू दोनदा थांबलास आणि दोन्ही वेळा गुलाबाकडे बघितल्यासारखं केलंस. गुलाब काय बघतोस, तुला गुलाब आणि दुधी यातला फरक कळत नाही! मी डॅडींची दुर्बीण घेऊन तुझ्या मागे बसले.

टर्की आला, आरशासमोर उभा राहिला. तू खिशातून ती लाकडी डबी काढलीस आणि तिचं झाकण घासून मादीचा आवाज काढलास. काय गोड काढलास! मी बाई असून मला जावंसं वाटलं. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा काढलास. नाही. तू हळूच म्हणालास, "नेल, याला बायको नकोय. हा स्वतःवरच चिडलाय." नेल. ममा गेल्यापासून मला कुणी नेल म्हटलं नव्हतं.

मग तो वळला. ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. त्यानं दोन्ही पंख खाली सोडले, टोकं वाळूवरून घासत, फरफर आवाज करत तो आपल्यासमोरून आडवा गेला. तू बंदूक उचललीस. हात थरथरत नव्हते, तेही मी पाहिलं. आणि मी दुर्बिणीतून त्याचे पट्टे पाहिले.

तूच शिकवलंस ना पोस्टकार्डावर? मी फ्रिजवरून रोज पाठ केलं होतं. पांढरे पट्टे रुंद होते, लेलँड. सरळ. काठापासून दांडीपर्यंत. शिडीच्या पायऱ्या. आंधळ्यालाही दिसले असते.

तू बंदूक खाली घेतलीस. म्हणालास, "ओसिओला आहे, नेल. शुद्ध ओसिओला."

मी म्हटलं, "मग मार ना!"

"नको. देखणा आहे. राहू दे."

घरात येऊन तू डॅडींच्या पक्ष्याखाली उभा राहिलास, पंखाला बोटही न लावता म्हणालास, "हाही ओसिओलाच. त्या दिवशी मी चुकलो." मग मक्याची पेज आणि तीन अंडी खाल्लीस, मर्ना नको नको म्हणत असताना. आणि मी उभी राहून तुला वाढत होते.

तू, लेलँड! तू ज्यानं बापाला पुरलं त्या दिवशीसुद्धा खोटं बोलायचं नाकारलंस! नकाशाच्या हिशेबानं तो पक्षी तुझाच होता, रेघेच्या खाली उभा होता, कुणी पंख तपासणार नव्हतं. चौथा पिसारा तुझ्या भिंतीवर लागला असता आणि संघटनेनं प्रमाणपत्र पाठवलं असतं. त्याच्यासाठी तू ती गेलेली झडप घेऊन एवढा प्रवास केलास. तो खरंच ओसिओला असता तर तू गोळी झाडली असतीस, आणि झाडायलाच हवी होतीस. नाही झाडलीस, कारण तो नव्हता. जिभेनं खोटं बोललास माझ्यासाठी, पण बोटाला ते जमलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि डॅडींच्या पक्ष्याचा पंख स्वतः उघडून बघितला. इतक्या वर्षांत मी तो कधी उघडला नव्हता. तिथेही शिडी. अगदी तीच. आपल्या दलदलीत सगळे मिश्रच असणार, उत्तरेकडून येणारे आणि दक्षिणेकडून येणारे इथेच भेटत असणार, त्यांना काय माहीत रेघ कुठे आहे.

तेव्हा पट्ट्यांचं तुझं बरोबर होतं. वेळ चुकली होती तुझी, आणि त्यावर मी अजून ठाम आहे.

काल ओटिस कुंपणाशी आला. म्हणाला, "काय ठरलं मग? कुठला निघाला?"

"मिश्र," मी म्हटलं.

"पण लेलँड तर मला ओसिओला म्हणून सांगून गेला."

"तो माझा भाऊ आहे," मी म्हटलं. ओटिसला काही कळलं नाही. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि घरी गेला.

मी काय ठरवलं आहे ते आता ऐक. रविवारी चर्चचं जेवण आहे, सगळे असतील, पाद्रीही. मी त्यांना सांगणार आहे की डॅडींचा टर्की मिश्र होता. सगळ्यांसमोर, हातात बशी घेऊन. मी खरं तेच बोलणार आणि मला कुणी अडवू शकणार नाही. म्हणजे डॅडींच्या बाजूनं बोलणारं इथे कुणीच उरणार नाही. नऊ वर्षं ते काम मी केलं, आता माझ्याच्यानं होणार नाही.

ते आता तुझं काम. डॉक्टरांनी तुझी छाती शिवली, तुला उठून बसता आलं की ये, आणि सगळ्यांसमोर मला खोटं पाड.

नेल